ऑटोक्रॉसमध्ये ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी वळायला नकार देते: दुरुस्त करूनही परत येणारा अंडरस्टीअर

स्टिअरिंग पाव फेरा फिरवलेलं, पुढचे टायर किंचाळतायत आणि गाडी मात्र सरळ समोरच्या नारिंगी कोनाकडे निघालेली. ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना जाणारी गाडी घेऊन ऑटोक्रॉसला उतरलेल्या प्रत्येकाला हे ओळखीचं असेल. यालाच अंडरस्टीअर म्हणतात: स्टिअरिंग वळवलं तेवढी गाडी वळत नाही, बाहेर सरकते. मी हा आजार तीन वेळा 'कायमचा' बरा केला. तिन्ही वेळा दोन-तीन स्पर्धा झाल्या की तो परत दारात उभा. खाली लिहिलंय ते चौथ्या वेळेनंतरचं आहे.

गाडी २०१५ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, सहा गिअरची मॅन्युअल. सोमवार ते शुक्रवार हीच ऑफिसला जाते, हिवाळ्यात बर्फातून मुलाला शाळेत सोडते. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. एप्रिल ते ऑक्टोबर जमेल त्या रविवारी ऑटोक्रॉस. भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की बहुधा माती आणि धुरळा डोळ्यांपुढे येतो. इथला प्रकार वेगळा: मोठ्या पार्किंगवर किंवा जुन्या धावपट्टीवर कोन मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग, प्रत्येक गाडी एकटी घड्याळाशी झुंजते, फेरी साधारण ४० ते ७० सेकंदांची, आणि पाडलेल्या प्रत्येक कोनामागे २ सेकंदांचा दंड. (मराठीत लिहिताना पंचाईत अशी की चुकवायचा तोही कोन आणि मोजायचा तोही कोन. म्हणून इथे कोन म्हणजे फक्त नारिंगी. चाकाच्या झुकावाला कॅम्बरच म्हणतो.)

आम्ही स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या, म्हणजे एससीसीएच्या स्ट्रीट वर्गात धावतो. तिथे स्प्रिंग मूळच्याच ठेवायच्या, रिमची रुंदी मूळचीच, टायर किमान २०० ट्रेडवेअरचे (टायर किती टिकाऊ याचा आकडा). शॉकअप बदलता येतात. अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलंडणं रोखणारा दांडा) पुढचा किंवा मागचा, दोन्हींपैकी एकच बदलता येतो. वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट (शॉकअपचं वरचं टोक आत सरकवणारी पट्टी) बसवायची मुभा मी हे सगळं केलं तेव्हा नव्हती. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा सामान मागवण्याआधी चालू वर्षाची नियमावली उघडाच. मी एकदा न उघडता मागवलं होतं. ते खोकं अजून गॅरेजच्या फळीवर आहे.

गाडीचा स्वभाव

सुबारूचं इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकलेलं असतं. गाडी जवळपास १,५०० किलोची, आणि त्यातला साठेक टक्के भार पुढे. म्हणजे दोन पुढच्या टायरांवर ९०० किलोच्या आसपास. हेच टायर सगळ्यात जास्त ब्रेक मारणार, हेच गाडी वळवणार, आणि वर इंजिनाच्या जोरातला आपला वाटाही हेच ओढणार. भाकरी एक, खाणारे तीन. त्यातल्या कुणी जास्त खाल्लं की वळणाच्या वाट्याला काही उरत नाही, आणि गाडी सरळ जाते. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या मियाटाचं, म्हणजे माझ्दाच्या छोट्या स्पोर्ट्स कारचं सेटिंग आपल्या गाडीला जसंच्या तसं लागू पडत नाही ते याचमुळे.

पण स्वभाव रोजचा असतो. गेल्या महिन्यात गाडी वळत होती आणि आज वळत नसेल तर स्वभावाला दोष देऊन चालणार नाही. काहीतरी हललेलं आहे.

सगळ्यात आधी बटण

हसू नका. स्टार्टच्या रांगेत आपण इंजिन बंद करून बसतो. पुन्हा चालू केलं की स्टॅबिलिटी कंट्रोल निमूटपणे आपल्या मूळ जागी, म्हणजे पूर्ण चालू, येऊन बसतं. वळणात गाडी किंचित घसरली की ते इंजिनाचा जोर कापतं, एखाद्या चाकाचा ब्रेक चिमटतं, आणि आपल्याला वाटतं आज गाडी पुश करतेय, म्हणजे अंडरस्टीअर. एका स्पर्धेत मी पहिल्या दोन फेऱ्या अशाच घालवल्या, आणि मधल्या वेळात टायरची हवाही बदलली. नसलेल्या रोगावर औषध. आता स्टिअरिंगच्या मागे मास्किंग टेपवर मोठ्या अक्षरांत 'बटण' लिहून चिकटवलंय. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, डॅशबोर्डवर दिवा दिसला तरच हेल्मेटची काच खाली.

वळणात नेमकं कुठे?

'गाडी पुश करते' एवढ्यावर काही दुरुस्त करता येत नाही. 'पोटात दुखतंय' म्हटल्यावर डॉक्टर विचारतात ना, कुठे, जेवणाआधी की नंतर? तसंच. वळणात शिरतानाच गाडी ऐकत नसेल तर बहुतेक वेळा पाय दोषी असतो, किंवा टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते). वळणाच्या मध्यावर, जेव्हा ब्रेकही नाही आणि ॲक्सिलरेटरही जेमतेम, तेव्हा पुढचा भाग बाहेर सरकत असेल तर टायर, हवा, कॅम्बर, बार यांच्याकडे बघा. वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर नाक बाहेर जात असेल तर बहुधा तुम्ही घाई करताय. टर्बो जागा होतो, वजन मागे जातं, पुढचे टायर हलके होतात, आणि नेमका त्याच वेळी जोर येतो.

फोन डोक्याच्या मागे लावून चित्रण करा आणि रात्री आवाज बंद करून बघा. आवाजासकट पाहिलं की टायरांचं किंचाळणं ऐकून आपण किती शूर होतो एवढंच लक्षात राहतं.

हवा आणि खडू

मुलाच्या पाटीजवळचा खडू खिशात टाकून न्या. टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत एक ठसठशीत रेघ ओढा, एका टायरवर तीन ठिकाणी. एक फेरी मारून या आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहा. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण उठवलेला असतो. रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली तर हवा ठीक. त्रिकोणाच्याही खाली गेली तर टायर दुमडून भिंतीवर चालतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच वरच थांबली तर हवा जास्त आहे, २ पीएसआय सोडा.

आमच्या गाडीला पुढे ३८, मागे ३६ पासून सुरुवात करतो. हा आकडा तुमच्या टायरला लागू होईलच असं नाही, म्हणून तर खडू. सकाळी ४५ अंश फॅरनहाइटला भरलेली हवा दुपारी ७५ ला तशी राहत नाही. दर १० अंशांमागे साधारण १ पीएसआय वाढतो, आणि फेऱ्यांची उष्णता वेगळी. आमची गाडी मी आणि बायको आळीपाळीनं चालवतो, त्यामुळे टायरांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला पुढच्या टायरचा रबर चिकट, चकचकीत दिसायला लागला की बागेला फवारणी करायचा पंप घेऊन पाणी मारायचं. योकोहामा ए०५२ सारखे पटकन तापणारे टायर असतील तर पंप विसरूच नका.

एक जुनी युक्ती सगळे सांगतात: मागची हवा ४२-४४ पर्यंत वाढवा, मागची पकड कमी होईल, गाडी वळेल. वळते, खोटं नाही. पण ढ मुलाशी बरोबरी व्हावी म्हणून हुशार मुलाचे मार्क कापण्यातला हा प्रकार आहे. ओल्या पृष्ठभागावर तर ती मागची बाजू अशी काही निघते की पुढच्या वर्गातल्या लोकांचीही करमणूक होते.

कॅम्बर: आमचा रोग इथे होता

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एकच उभा खांब. वळणात गाडी कलंडली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेरच्या बाजूला झुकतं, आणि स्ट्रटच्या रचनेत ते परत आत ओढून घ्यायची सोय फारशी नाही. परिणामी टायरची बाहेरची दोन-तीन बोटं रुंदीची पट्टीच सगळं काम करते, उरलेला टायर नुसता सोबतीला. म्हणून उभ्या गाडीतच चाकाचा वरचा भाग आत झुकवून ठेवायचा, हा उणे कॅम्बर. स्ट्रीट वर्गात तो मिळवायला हाताशी एकच गोष्ट: स्ट्रट आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा. तो कंपनीनंच विकेंद्री, म्हणजे मध्यापासून जरा बाजूला फिरणारा, दिलेला असतो; फिरवला की हब आत-बाहेर सरकतो.

पहिल्या अलाइनमेंटच्या कागदावर डावीकडे उणे ०.६ आणि उजवीकडे उणे ०.४ अंश होतं. चाक हवेत लटकवून, दोन्ही बोल्ट सैल करून, हबचा वरचा भाग आत दाबून धरत बोल्ट आवळले. दोघं लागतात, एकानं गुडघा लावून दाबायचं, दुसऱ्यानं पाना फिरवायचा. खालच्या बोल्टाच्या भोकातली बारीकशी मोकळीकही अशी वापरून घेतली तर पाव अंशाच्या आसपास जास्तीचा मिळतो. दोन्हीकडे उणे १.५ बसला. एप्रिलमधल्या पहिल्या स्पर्धेत गाडी नवी वाटली. जूनमध्ये पुन्हा तेच रडगाणं, आणि गंमत म्हणजे फक्त डाव्या वळणांवर.

डाव्या वळणावर भार उजव्या पुढच्या टायरवर येतो. तो काढून पाहिला तर बाहेरचा खांदा लोण्यासारखा गुळगुळीत, आतली बाजू जवळपास कोरी. पुन्हा अलाइनमेंटला नेली: डावीकडे उणे १.४, उजवीकडे उणे ०.८. आठ आठवड्यांत बोल्ट सरकला होता. उजवी बाजूच का? इथे आपण रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवतो, आणि मिशिगनचे खड्डे वसंतात त्याच कडेला उमलतात. गोठणं-वितळणं चालू असतं तोवर त्यात भर पडत राहते.

पण खड्ड्यांनी मी आवळलेला बोल्ट सरकवावा कसा? याचं उत्तर माझ्याच हाताला चिकटलेलं होतं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं बोल्ट गंजून अडकू नये म्हणून मी त्याला छानपैकी अँटी-सीझ फासलं होतं, आणि उरलेलं बोट स्ट्रटच्या ब्रॅकेटला पुसलं होतं. या जोडात भार बोल्टाच्या दांड्यानं नव्हे तर घर्षणानं पेलायचा असतो: ब्रॅकेट हबला चिमट्यासारखं घट्ट धरतं, म्हणून चाक हलत नाही. त्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगण गेलं की चिमटा घसरतो. नव्या शॉकअपच्या ब्रॅकेटवर जाड रंगाचा थर असेल तरी हेच होतं. रंग दबतो, बोल्टाचा ताण उतरतो आणि कॅम्बर हळूहळू पळतो.

उपाय साधा. बोल्ट आणि नट नवे घेतले, जुने पुन्हा वापरले नाहीत. ब्रॅकेटच्या आतल्या बाजू ब्रेक क्लीनरनं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून कोरड्या केल्या. आटे कोरडे ठेवले, आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनं आवळले, अंदाजानं नाही. मग बायकोच्या लाल नेलपॉलिशनं बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर एक रेघ ओढली. रेघ तुटली की बोल्ट सरकला. चाक न काढता, टॉर्च मारून दहा सेकंदांत कळतं. नेलपॉलिशची नवी बाटली आणून द्यावी लागली, ती अर्थातच महागातली.

कॅम्बर हलवला की टो हलतोच. तो न मोजता स्पर्धेला जाऊ नका. दर वेळी दुकानात जायला नको म्हणून आता घरीच मोजतो: गवंडी भिंत धरताना लावतो तशी दोन्ही बाजूंनी जॅक स्टँडवर दोरी ताणायची, हबच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. पुढे एकूण दीड मिलिमीटर टो-आउट (पुढची टोकं बाहेर) ठेवलाय, मागे शून्य. याहून जास्त टो-आउट दिला तर शिरताना गाडी झटकन वळते खरी, पण रोज ५० मैल हायवेवर टायरची आतली कड खाऊन टाकते.

मागचा बार

कुणालाही विचारा, पहिला सल्ला हाच: मागे जाड बार टाक. सल्ला चुकीचा नाही, क्रम चुकीचा आहे. मागचा बार कडक केला की कलंडतानाचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त सरकतो आणि पुढच्या बाहेरच्या टायरची सुटका होते. पण भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. मूळचा २० मिलिमीटरचा. २२ चा घातला तर साधारण दीडपट कडक, २४ चा घातला तर दुपटीहून थोडा जास्त. कागदावर चार मिलिमीटर, प्रत्यक्षात दुसरी गाडी.

मी हौसेनं २४ चा घातला, तोही सगळ्यात कडक भोकात. लहान वळणात आतलं मागचं चाक उचललं जाऊ लागलं. २०१५ च्या डब्ल्यूआरएक्सला मागे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारी रचना) नाही, त्यामुळे उचललेलं चाक नुसतं गरगरतं आणि निघताना गाडी जागच्या जागी विचार करत बसते. आता २२ चा आहे, मऊ भोकात. एंडलिंक (बारची टोकं सस्पेन्शनला जोडणारी काडी) आणि बारचे ब्रॅकेट प्रत्येक तेलबदलीला हलवून पाहतो. ब्रॅकेट वाकला किंवा बुश खाल्ला गेला तर बार असून नसल्यासारखा, आणि अंडरस्टीअर परत हजर.

शॉकअपबद्दल फार लिहीत नाही. फुटलेला असेल तर बदला. समायोजनाचे असतील तर मागचा रिबाउंड (दबलेला शॉकअप परत लांबतानाचा विरोध) एकेक क्लिक करून बघा. पण कॅम्बर सरकलेला असताना क्लिक मोजत बसणं म्हणजे छप्पर गळत असताना पडदे बदलणं.

चारही टायर एका वयाचे

पुढचे टायर झिजले म्हणून फक्त पुढचेच दोन नवे घेण्याचा मोह होतो. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये तो आवरा. सुबारूचा दंडक असा की चारही टायरांच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नको. पाव इंच परीघ म्हणजे त्रिज्येत जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे एका जोमदार सीझनची झीज. फरक वाढला की पुढचा आणि मागचा दांडा सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीनं फिरतात, मधल्या डिफरन्शियलमधलं व्हिस्कस कपलिंग सतत घुसळत राहतं, आतलं सिलिकॉन द्रव तापतं. तापलं की कपलिंग घट्ट धरू लागतं, आणि मग छोट्या वळणात पुढची-मागची चाकं एकमेकांना मोकळं फिरू देत नाहीत. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना गाडी अडखळत, झटके देत चालत असेल तर हा संशय घ्या.

म्हणून दर दोन स्पर्धांनी टायर पुढचे मागे, मागचे पुढे. ट्रेडची खोली मोजून वहीत. हँडब्रेक ओढून गाडी फिरवायचे प्रयोग या गाडीवर करू नका. मागची चाकं अडवली की त्याचा ताण मधल्या कपलिंगवर जातो.

आणि पाय

हे शेवटी लिहितोय कारण मलाही शेवटीच मान्य झालं. कॅम्बर जागेवर, हवा जागेवर, रेघ अखंड, तरीही माझ्या फेरीत गाडी शिरतानाच बाहेर जात होती. त्याच दिवशी, त्याच टायरांवर, दहा मिनिटांनी बायको बसली आणि माझ्यापेक्षा ०.८ सेकंदानं पुढे गेली. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "अरे, तू ब्रेक सोडत नाहीस, टाकून देतोस."

चित्रण पाहिलं, खरं होतं. मी सरळ रेषेत जोरात ब्रेक मारायचो, पाय एकदम उचलायचो आणि मग स्टिअरिंग वळवायचो. ब्रेक सोडताच नाक वर येतं, पुढच्या टायरांवरचा भार उतरतो, आणि नेमकं तेव्हा मी त्यांच्याकडे वळण मागत होतो. ती मात्र स्टिअरिंग जसं फिरेल तसा ब्रेक हळूहळू उतरवते. जिन्यावरून पाण्यानं भरलेला हंडा उतरवावा तसा. नाक दबलेलं राहतं, मागचा भाग हलका होऊन किंचित फिरतो, आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी वळू शकते हे पटतं.

स्लॅलममध्ये, म्हणजे रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जातानाही, तेच. पहिल्या कोनाला उशीर झाला की पुढच्या प्रत्येकाला जास्त, आणि चौथ्यापर्यंत स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळलेलं. पहिल्या कोनाआधी एकदाच वेग कमी करा, कोनाच्या मागच्या अंगाला चिकटून निघा, आणि स्टिअरिंग वळत नाही म्हणून आणखी वळवू नका. घसरणाऱ्या टायरला आणखी वळवणं म्हणजे ऐकू न येणाऱ्या माणसाशी मोठ्यानं भांडणं. थोडं सरळ करा, टायर पुन्हा धरतो.

आता एका दिवसात एकच गोष्ट बदलतो आणि वहीत लिहितो: तारीख, हवामान, चार टायरांची हवा थंड आणि गरम, रेघ अखंड की तुटलेली, कुठल्या वळणात काय. गेल्या सहा स्पर्धांत उजवीकडची रेघ तुटलेली नाही. डावीकडून मागून मात्र परवापासून स्पीड ब्रेकरवर टकटक येतेय, बहुधा एंडलिंक. येत्या शनिवारी जॅकवर घेतो.